इंडियानापोलिसच्या चिन वस्तीतली आमची सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरहून फोन आला की ख्यालीखुशालीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो : "तिथं तुम्ही दोघं दिवसभर करता तरी काय?" प्रत्येकाला थोडंथोडं सांगून सांगून कुणाला अर्धं कळलं, कुणाला भलतंच कळलं. म्हणून एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं. मी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. माझे यजमान गणिताचे शिक्षक. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, मीही म्हणते. लेकीकडे कायमचं राहायला आलो, तेव्हा ब्रह्मदेशातून आलेल्या निर्वासितांमधल्या मिशनरी सेवेचं हे काम मनातही नव्हतं.

तुम्ही अमेरिकेत नेमकं कुठे असता?

इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहराच्या दक्षिण भागात. पेरी टाउनशिप, साउथपोर्ट आणि पुढे ग्रीनवुडपर्यंतचा पट्टा. ब्रह्मदेशातून आलेल्या चिन लोकांची अमेरिकेतली सर्वांत मोठी वस्ती इथेच आहे. इतकी, की काहीजण शहराला लाडाने 'चिंडियानापोलिस' म्हणतात. एका साध्या रस्त्यावर तुम्हाला बर्मी किराणा दुकान, चिन प्रार्थनामंदिर, विणलेल्या शालींचं दुकान आणि मग पुन्हा एक प्रार्थनामंदिर दिसेल.

ब्रह्मदेश की म्यानमार? बर्मी की चिन? नीट सांगा.

देशाचं अधिकृत नाव १९८९ साली लष्करी राजवटीने म्यानमार केलं. आपल्याकडे अजून ब्रह्मदेशच तोंडात बसलेलं आहे, कारण आपला त्या देशाशी जुना संबंध. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते आणि तिकडचा थिबा राजा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत राहून तिथेच वारला. मी दोन्ही नावं वापरते. पण समोरच्या माणसाला काय म्हणायचं, हे मात्र जपून ठरवावं लागतं.

'बर्मी' म्हटलं की देशातला बहुसंख्य बामार समाज डोळ्यांसमोर येतो. तो बहुतांशी बौद्ध आहे. चिन लोक पश्चिमेकडच्या डोंगरांतले, मिझोरामला लागून असलेल्या प्रांतातले. हाखा ही त्यांची राजधानी. मिझो लोक त्यांचे भाऊबंद. याशिवाय थायलंडच्या सीमेकडचे कॅरेन आणि कॅरेनी, उत्तरेतले कचिन, पश्चिम किनाऱ्यावरचे रोहिंग्या. हे सगळे एकाच देशातून आले, पण एकमेकांची भाषा समजेलच असं नाही. खुद्द चिन लोकांतच हाखा, फलाम, तेदिम, मारा, मातू, झोतुंग अशा कितीतरी भाषा आहेत. सुरुवातीला मी एका आजींना "तुमची बर्मी भाषा मला शिकवा" म्हणाले. त्या हसल्या नाहीत, गप्प झाल्या. पुढे त्यांच्या सुनेने सांगितलं की बर्मी ही त्यांच्या दृष्टीने सैनिकांची भाषा. गावात शिपाई आले की त्या भाषेत ओरडायचे, ओझी वाहायला माणसं धरून न्यायचे. त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न विचारते तो हा : "तुमचं गाव कुठलं?"

हे लोक इथवर आले कसे?

१९६२ साली लष्कराने सत्ता घेतली आणि डोंगराळ प्रांतांतली घुसमट वाढत गेली. १९८८ चं आंदोलन चिरडलं गेल्यावर तरुणांचे लोंढे बाहेर पडले. कॅरेन लोक पूर्वेकडे थायलंडच्या सीमेवर गेले. तिथल्या नऊ छावण्यांतली माए ला ही सर्वांत मोठी. ती १९८४ पासून आहे. छावणीतच जन्मून छावणीतच लग्न झालेली माणसं मला भेटली आहेत. २००५ पासून तिथून अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पुनर्वसन सुरू झालं.

चिन लोकांचा रस्ता वेगळा. बरेचसे मलेशियात, क्वालालंपूरला पोहोचले. तिथे छावणी नाही. मलेशियाने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नसल्यामुळे कायद्याच्या नजरेत ते घुसखोरच. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही धरपकडीची भीती कायम. एका खोलीत दहा-पंधरा जण, दिवसा हॉटेलात भांडी घासणं, रात्री दाराकडे कान. अशी पाच-सहा वर्षं काढून इथे आलेल्या बाईला आजही दारावरची थाप सहन होत नाही. म्हणून आम्ही कुणाच्याही दारावर थाप मारत नाही. खाली उभं राहून फोन करतो.

काहीजण मिझोराममार्गे दिल्लीत आले. विकासपुरी, उत्तमनगर या भागांत चिन कुटुंबं कैक वर्षांपासून राहतात. तिथे राहून आलेल्यांना हिंदी येतं आणि मग आमच्या गप्पांना वेळेचं भान राहत नाही.

ते तर आधीपासूनच ख्रिस्ती आहेत. मग मिशनरी कशाला?

हा प्रश्न आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्या काकांनी विचारला होता आणि तो रास्त आहे. चिन लोक बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत, आणि कसे! रविवारी सकाळी जा, हॉलमध्ये बसायला जागा मिळणार नाही. पाच वर्षांचं पोरसुद्धा चार सुरांतला आपला सूर धरून गातं. त्यांची गीतपुस्तकं सा-रे-ग-म सारख्या स्वराक्षरांत छापलेली असतात. पहिल्याच रविवारी एक चाल ओळखीची निघाली. शब्द त्यांचे, चाल माझ्या आईच्या तोंडची. मी मराठीत म्हटलं, शेजारची बाई हाखात म्हणत होती, कुणाचं कुणावाचून अडलं नाही.

ही चाल एक कशी, याचं उत्तर मला सरांनी शोधून दिलं. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांना परदेशात जाण्यासाठी मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, ल्यूथर राइस आणि अॅडोनिराम जडसन. हॉल आणि नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. तिथून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, १८३१ साली ते नगरला पोहोचलं आणि माझ्या पणजोबांच्या गावात शाळा आली. गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडून परतताना पटकीने वारले. जडसन पती-पत्नी कलकत्त्याला पोहोचली, तिथे बाप्तिस्म्याविषयी त्यांचं मत बदललं, कंपनी सरकारने त्यांना राहू दिलं नाही, आणि ती दोघं १८१३ च्या जुलैत रंगूनला जाऊन थडकली. पहिल्या माणसाने विश्वास धरायला सहा वर्षं लागली. बायबलचं बर्मी भाषांतर १८३४ मध्ये पुरं झालं. त्याच बाप्तिस्ती परंपरेतले आर्थर आणि लॉरा कार्सन हे जोडपं १८९९ साली हाखाच्या डोंगरात चढलं. आर्थर १९०८ मध्ये तिथेच वारले; लॉराबाई त्यानंतरही बारा वर्षं त्या डोंगरात राहिल्या.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच प्रार्थनामंदिरात आशीर्वाद घेतलेल्या पाच जणांपैकी एकाची वाट चिन डोंगराकडे वळली, दुसऱ्याची नगरकडे. दोनशे वर्षांनी त्या दोन वाटांवरची माणसं इंडियानात एका बाकावर बसली. हे मला कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

तर मिशनरी कशाला? आम्ही त्यांना देव सांगायला गेलोच नाही. 'पाथियन' हा त्यांचा देवासाठीचा शब्द, आणि तो त्यांच्या तोंडून मी जितक्या विश्वासाने ऐकला आहे तितक्या विश्वासाने मी स्वतः फार थोड्या वेळा प्रार्थना केली आहे. त्यांच्याकडे धर्म आहे, मंडळी आहे, गाणं आहे, एकमेकांसाठी उभं राहणं आहे. नाही तो वेळ. कमावती माणसं विमानतळाजवळच्या गोदामांत आणि मांस कारखान्यांत दहा-दहा तासांच्या पाळ्या करतात, मुलं शाळेत, आणि घरात उरतात म्हातारी माणसं, ज्यांना इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, बर्फात पाऊल टाकायची भीती वाटते. आमच्याकडे वेळच वेळ होता. देवाने या दोन गोष्टी जुळवल्या, असं मी मानते.

लोकांचं धर्मांतर करता का?

नाही. चिन कुटुंबांत तो प्रश्नच येत नाही. बामार बौद्ध आणि रोहिंग्या मुसलमान कुटुंबांकडेही आम्ही जातो. दवाखान्याची चिठ्ठी वाचून देणं, मुलाची शाळेत नोंद करणं, यापैकी कशालाही कुठलीही अट नाही. एका बौद्ध आजोबांना सर दर गुरुवारी विहारात सोडतात आणि बाहेर गाडीत बसून वाट पाहतात. आमच्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर सांगतो, लपवत नाही. पण ज्याला आपली गरज आहे त्याच्यासमोर आपला धर्म मांडणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं, असं आम्हा दोघांचं पक्कं मत आहे. यावरून आमच्यातल्या काहींशी वाद झाले, तरी मत बदललेलं नाही.

मग दिवसभर करता काय?

सकाळी टपाल. हे ऐकून लोक चकित होतात, पण इथे माणसाचं सगळं आयुष्य टपालाच्या पेटीतून येतं. आरोग्य विम्याचं नूतनीकरण, शाळेचं पत्र, विजेचं बिल, आणि त्यात मिसळलेल्या पन्नास जाहिराती. इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाला यातलं कुठलं फेकायचं आणि कुठल्याचं उत्तर दहा दिवसांत द्यायचं हे कळणार कसं? म्हणून लोक पिशवी भरून कागद आणतात. सर गठ्ठे करतात : आजचं, या आठवड्याचं, फेकायचं. विमानाच्या तिकिटाच्या हप्त्याचं पत्रही त्यात असायचं. बऱ्याचजणांना माहीत नसतं, पण निर्वासिताला अमेरिकेत आणलं ते तिकीट फुकट नसतं. ते बिनव्याजी कर्ज असतं, आणि इथे येऊन काही महिन्यांतच फेडायला सुरुवात करावी लागते. ही माणसं भाड्याच्या आधी तो हप्ता भरतात. "आम्हाला आणलं, त्यांचे पैसे ठेवायचे नाहीत," असं एका बापाने मला सांगितलं.

दुपारी दवाखाने, सरकारी कचेऱ्या, वाहन परवाना. दोन दिवस संध्याकाळी नागरिकत्वाचा वर्ग. निर्वासिताला एक वर्षाने ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो, पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी. त्यातली नागरिकशास्त्राची परीक्षा तोंडी असते. पूर्वी शंभर प्रश्नांतले दहा विचारायचे आणि सहा बरोबर लागायचे. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज केला त्यांच्यासाठी यादी १२८ प्रश्नांची झाली, विचारतात वीस आणि बरोबर लागतात बारा. सरांनी आयुष्यभर दहावीची पोरं पास केली. तोच फळा, तोच खडू, फक्त पोरं सत्तरीची.

आणि कितीतरी दिवस नुसतं बसणं. आजी विणत असते, मी शेजारी बसते. कमरेला पट्टा बांधून, पायाने ताणून धरायचा तो माग खूप जुना प्रकार आहे. शब्द संपले तरी तास संपत नाही असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही.

भाषा कशी निभावते?

पहिलं वर्ष हातवाऱ्यांवर गेलं. आता "ना दाम मॉ?" (बरे आहात ना?) आणि "का लॉम" (आभारी आहे) याच्या बरंच पुढे गेले आहे, पण हाखा ही सुरांची भाषा. सूर चुकला की अर्थ फिरतो, आणि आपले कान त्याला तयार नसतात. सरांना माझ्यापेक्षा कमी शब्द येतात, पण त्यांचे सूर नेमके लागतात. त्यांचा कान कीर्तनात तयार झालेला आहे.

दवाखान्यात मात्र आम्ही दुभाष्याचं काम कधीच करत नाही, आणि घरातल्या मुलांनाही करू देत नाही. दहा वर्षांच्या मुलीने आपल्या आईला "तुझ्या पोटात गाठ आहे" असं सांगण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. ते पोर पुढे कित्येक दिवस बोललं नव्हतं. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने दुभाषा मोफत द्यावा असा इथला कायदा आहे, आणि निकडीची वेळ सोडली तर लहान मुलांकडून ते काम करून घेता येत नाही. आमचं काम एवढंच की खिडकीशी जाऊन ठामपणे म्हणायचं, "हाखा चिन भाषेचा दुभाषा हवा, बर्मी नको." हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. फोनवर बर्मी दुभाषा जोडून देतात, आजी मान हलवत राहतात, आणि घरी आल्यावर कळतं की त्यांना एक अक्षर समजलं नव्हतं.

एक गोष्ट आपल्या लोकांना पटकन कळेल. बर्मी लिपीतले संदेश काही फोनांवर नुसते ठोकळे आणि तुटकी अक्षरं दिसायचे. 'झॉजी' नावाच्या जुन्या फॉन्टात लिहिलेलं युनिकोडवाल्या फोनवर वाचता येत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून म्यानमारने अधिकृतरीत्या युनिकोड धरलं, तरी जुने फोन आणि जुनी माणसं आहेतच. आपल्याकडे एका संगणकावर टाइप केलेली मराठी दुसऱ्यावर उघडली की जो गोंधळ व्हायचा, तोच. चिन भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यांचं यातून सुटलं.

त्यांची नावं आणि आडनावं कशी असतात?

आडनाव नसतं. ना बर्मींत, ना चिन लोकांत. नवरा, बायको, चार मुलं, सहाजणांची नावं सहा तऱ्हांची. तेदिमकडच्या लोकांत आजोबांच्या किंवा आजीच्या नावातलं शेवटचं अक्षर नातवंडाच्या नावाच्या सुरुवातीला येतं, म्हणजे नावातच वंशावळ चालू राहते. इथल्या फॉर्मांना मात्र आडनाव लागतंच. मग कुणीतरी शेवटचा शब्द उचलून आडनाव करतं, आणि एका घरात सहा आडनावं होतात. जन्मतारखांचंही तसंच. खेड्यात नोंद नसलेल्या कितीतरी माणसांच्या कागदावर १ जानेवारी आहे.

आदरार्थी शब्दही कळायला हवेत. चिन लोक वडीलधाऱ्या पुरुषाला 'पू' आणि बाईला 'पी' म्हणतात. मूळ अर्थ आजोबा आणि आजी. आम्हाला वर्षभराने पोरं तसं म्हणू लागली. मी तो दिवस वहीत लिहून ठेवला आहे.

तुमच्याकडून चूक कधी झाली का?

झाली, आणि ती या नावांचीच. एका घरातल्या दोन मुलांचा विम्याचा अर्ज सरांनी भरला. आपल्या सवयीने मधल्या रकान्यात वडिलांचं नाव घातलं. मुलाचं नाव, मग बापाचं, हे आपल्या हाडात बसलेलं. बाकीच्या कागदांवर ते नाव नव्हतं, त्यामुळे विम्याच्या नोंदी जुळेनात, आणि धाकट्याला दम्याचा फवारा मिळायला चार महिने लागले. ते चार महिने सर नीट जेवले नाहीत. मुलाचे वडील मात्र एकदाही रागावून बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून नियम : जो स्पेलिंग आणि जो क्रम पहिल्या सरकारी कागदावर, तोच सगळीकडे. आपल्याला चुकीचा वाटला तरी.

दुसरी चूक माझी. एका घरात तांदूळ संपलेला दिसला म्हणून न विचारता दोन पोती आणून टाकली. त्यांनी दोन्ही हातांनी स्वीकारली. पुढच्या रविवारी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की असं काही दिसलं तर आधी आम्हाला सांगत जा. आमच्या माणसांचं आम्हाला बघू द्या. त्यांच्यात कुणाच्या घरी मयत झालं तर रात्र-रात्र घर माणसांनी भरलेलं असतं, पैसे गोळा होतात, स्वयंपाक येतो. ही वीण मला दिसत होती आणि तरी मी परस्पर आत शिरले होते.

जोडप्याने मिळून का? एकाने केलं तर?

एकाने करता येतं, पण अर्धंच. मी बायकांच्या खोलीत बसू शकते, सर पुरुषांबरोबर. बाळंतपणाचं, पाळीचं, नवऱ्याच्या पिण्याचं बोलणं सरांच्या समोर होणार नाही. आणि नोकरी गेलेला बाप माझ्यासमोर रडणार नाही. शिवाय घरातली भांडणं मिटवताना समोर एक म्हातारं जोडपं बसलेलं असलं की बोलण्याचा आवाज आपोआप खाली येतो.

इथल्या इतर पंथांतही ही पद्धत आहे. लेटर-डे सेंट्सच्या, म्हणजे मॉर्मन लोकांच्या, चर्चमध्ये मुलं मार्गी लागलेली जोडपी सहा ते तेवीस महिन्यांच्या मिशनवर जातात, खर्च स्वतःचा करतात, आणि तरुण मिशनऱ्यांसारखं दारोदार हिंडणं त्यांना सक्तीचं नसतं.

खर्च कोण करतं?

आम्ही. सरांचं निवृत्तिवेतन आणि माझं. राहायला लेकीचं घर आहे म्हणूनच जमतं, हे मान्य करते. मुख्य खर्च पेट्रोलचा. कुणाकडून पैसे घेत नाही, कुणाला रोख देतही नाही. भाजी मात्र घ्यावी लागते. प्रत्येक घरामागे हातभर जागेत रोझेल, म्हणजे आपली अंबाडी, मिरच्या, भोपळा लावलेला असतो आणि नाही म्हटलेलं त्यांना चालत नाही.

तुम्ही नर्स होता, त्याचा उपयोग होतो का?

इथे माझा परवाना नाही, त्यामुळे औषध, सुई, सल्ला यातलं काही करत नाही. बघणं मात्र सुटत नाही. साखर आणि रक्तदाब नव्या देशात झपाट्याने वाढतो, हे आपल्याच लोकांवरून ओळखीचं. कावीळ ब ची तपासणी करून घ्या म्हणून मी मागे लागते.

सगळ्यांत अवघड विषय पानाचा. 'कून-या' म्हणजे चुना, सुपारी आणि बहुतेक वेळा तंबाखू घातलेलं पान. पाहुण्याला देण्याची रीत आहे. रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे किती रोगी पाहिले असतील मी! तोंड पुरतं उघडता न येणारा माणूस दिसला की पोटात गोळा येतो. पण उपदेश केला नाही. आमच्या गावातही पान-सुपारीशिवाय लग्न ठरत नाही, हे सांगूनच बोलणं सुरू केलं. माझ्या मावसभावाची गोष्ट सांगितली. तिघांनी सोडलं, बाकीच्यांनी नाही.

आणखी एक माहिती आवर्जून लिहिते. २००९ साली याच राज्यातल्या फोर्ट वेन शहरात ब्रह्मदेशातून आलेल्या लहान मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. केंद्रीय आरोग्य यंत्रणेने शोध घेतला, तेव्हा पोटासाठी घरोघरी दिल्या जाणाऱ्या 'दॉ त्वे' नावाच्या पारंपरिक औषधात शिसं आणि आर्सेनिक सापडलं. गालाला लावायच्या थनाखा नावाच्या लेपाचाही संशय होता. आईने प्रेमानेच दिलेली मात्रा! म्हणून "बाळाला पोटासाठी काय देता?" हे मी चहा घेता घेता विचारतेच. आपल्याकडेही बाळगुटीच्या नावाखाली काय काय विकलं जातं, ते परदेशी पाठवण्याआधी आज्यांनी तपासावं.

जेवणाचं काय?

'साबुती' म्हणजे मक्याचे दाणे आणि मांस घालून तासन्‌तास शिजवलेली पेज. थंडीत तिला तोड नाही. आंबवलेल्या चहापत्तीची कोशिंबीरही आवडते. सर शाकाहारी नाहीत, त्यामुळे अडलं नाही. मी या चिन कुटुंबांना भाकरी शिकवली. मक्याचं पीठ त्यांना सवयीचं, पहिलीच फुगली.

२०२१ नंतर काय बदललं?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. चिन प्रांतातून कडवा प्रतिकार झाला आणि त्याची किंमत गावांनी मोजली. थानत्लांग गावावर त्या सप्टेंबरात मारा झाला. आग विझवायला निघालेल्या तरुण पाळकाला गोळी घातली गेली. ऑक्टोबरात घरं पुन्हा जाळली. जवळपास सगळं गाव रिकामं झालं. इथे आमच्या वर्गात थानत्लांगच्या दोन बायका आहेत. फोनवर आलेल्या चित्रांत त्या धुरातून स्वतःचं छप्पर शोधत होत्या. त्या संध्याकाळी वर्ग झाला नाही.

हजारो माणसं मिझोरामला आली. तिथल्या मंडळ्यांनी आणि यंग मिझो असोसिएशनने आपल्या भाऊबंदांना जागा दिली, अन्न दिलं. आम्ही भारतातले म्हणून इथले चिन लोक मिझोरामबद्दल आमचे आभार मानतात. आम्ही तर काहीच केलेलं नाही. मान खाली घालून ऐकतो.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने निर्वासितांना आणण्याचा कार्यक्रम थांबवला आणि जूनमध्ये, काही अपवाद सोडता, म्यानमारच्या नागरिकांच्या प्रवेशावर बंदी घातली. क्वालालंपूरला मुलाखत होऊन, तपासणी होऊन, बॅग भरून बसलेल्या नातेवाइकांचं काय, हा प्रश्न आता प्रत्येक घरात आहे. सरांच्या गठ्ठ्यांत त्यासाठी जागा नाही. आम्ही जातो, बसतो, प्रार्थना करतो.

तुमच्या वयाला झेपतं का?

थंडीत सरांचे गुडघे धरतात. बर्फ असेल तर जात नाही, फोन करतो. दुपारी तासभर झोपतो. पण वय आड येत नाही. उलट त्याचाच उपयोग होतो. पंचविशीतली हुशार स्वयंसेवक मुलगी आली की आजी तिला चहा देतात. आम्ही गेलो की आपलं दुखणं सांगतात.

आम्हालाही असं काही करायचं आहे. सुरुवात कशी करू?

अमेरिकेत मुलांकडे येणार असाल तर आधी तुमचा व्हिसा कुठल्या प्रकारच्या सेवेला परवानगी देतो ते जाणत्या माणसाकडून तपासा. मग ज्या शहरात असाल तिथे कुठली वस्ती आहे ते पाहा : मिनेसोटात सेंट पॉलला कॅरेन, ओक्लाहोमात टल्साला झोमी (चिन लोकांचेच भाऊबंद), टेक्ससमध्ये लुइसव्हिलला चिन, न्यूयॉर्क राज्यात युटिकाला कॅरेन. त्या समाजाने स्वतः चालवलेली संस्था शोधा. आमच्याकडे २०११ पासून बर्मीज अमेरिकन कम्युनिटी इन्स्टिट्यूट आहे. मुलांच्या कॉलेजप्रवेशावर त्यांचं चांगलं काम आहे. त्यांना विचारा की काय कमी पडतं. आपल्या मनातलं काम घेऊन जाऊ नका.

पहिले सहा महिने काही सुरू करू नका. २० फेब्रुवारीला चिन राष्ट्रीय दिन असतो. १९४८ साली फलामच्या सभेत सरदारकी मोडून लोकांचं राज्य मागितलं गेलं, त्याची आठवण. त्या दिवशी जा. नाच बघा, जेवा, खुर्च्या उचलायला थांबा. ओळख तिथून होते.

आणि दिल्लीला जाणं सोपं असेल तर इंडियानाची वाट कशाला बघायची?

नगरला परत कधी येणार?

मार्चचं तिकीट काढलं होतं, ते पुढे ढकललं. विणणाऱ्या त्या आजींची नागरिकत्वाची मुलाखत एप्रिलमध्ये आहे. पंचावन्नच्या पुढचं वय आणि पंधरा वर्षांचं ग्रीन कार्ड असलं की परीक्षा आपल्या भाषेत देता येते, तेव्हा त्या हाखातून देणार आहेत. एकशे अठ्ठावीसपैकी शहाण्णव प्रश्न पाठ झाले. उरलेले बत्तीस सर रोज चार-चार करून घेतात, आणि मुलाखतीला त्यांना गाडीतून आम्हीच नेणार आहोत.